डब्याचं दूध आणि अडलेली शी
लेखमाला : बाळाचं पहिलं वर्ष (भाग ९)

मागच्या भागात बाटली उकळण्याविषयी वाचलंत. आता त्या बाटलीतल्या दुधाविषयी. विरार सुटलं की वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर अशी गाडी बोईसरकडे धावते. तिच्यातून कुणी आई तारापूरच्या कारखान्यात जाते, कुणी उलट्या गाडीने मुंबई गाठते. आई कामावर गेली की बाटली आजीच्या नाहीतर मावशीच्या हाती येते आणि महिन्याभरात कुरकुर सुरू होते : पावडर लावल्यापासून बाळाला शी होत नाही.

आधी शी खरंच अडली आहे का, ते पाहू. बाळ लालबुंद होऊन कुंथतं, रडतं, पण शेवटी मऊ शी करतं, तर तो बद्धकोष्ठ नव्हे. पोटाने जोर लावायचा आणि त्याच वेळी खालचा स्नायू सैल सोडायचा, हे त्याला अजून जमत नसतं. काही आठवड्यांत जमतं. एखादा दिवस शी झाली नाही, तरी मऊ झाली म्हणजे झालं. लेंडीसारखे कोरडे खडे पडत असतील, शी करताना बाळ कळवळत असेल, तर मात्र तक्रार खरी.

पावडरच्या दुधाने शी थोडी घट्ट होतेच. त्यातली प्रथिनं पचायला जड असतात. अनेक डब्यांत पामतेल असतं. त्यातली स्निग्धाम्लं आतड्यात कॅल्शियमशी जुळतात आणि साबणासारखा घट्ट पदार्थ बनतो. दोष लोहाला दिला जातो, पण पावडरीतल्या लोहाने शी घट्ट होत नाही. लोह नसलेला डबा शोधत बसू नका.

खरी गफलत बहुधा मापात असते. अनेक डब्यांवर ३० मिली पाण्याला एक सपाट चमचा असं लिहिलेलं असतं. घरात मात्र चमचा शिगोशीग भरला जातो, दाबला जातो किंवा ‘बाळाचं पोट भरू दे’ म्हणून एक जास्तीचा पडतो. कधी जुन्या डब्यातला चमचा नव्या डब्यात जातो. कधी चार चमचे पावडर आधी टाकून मग १२० च्या खुणेपर्यंत पाणी भरतात. म्हणजे पाणी कमीच पडतं. पाणी आधी मोजायचं, पावडर नंतर. चमचा सुरीच्या पाठीने सपाट करायचा. बाटली दोघी-तिघी करत असतील, तर माप कागदावर लिहून ओट्याशी चिकटवा.

याच्या उलटही करू नका. शी मऊ व्हावी म्हणून दूध पातळ केलं, तर बाळाचं पोषण तुटतं आणि रक्तातलं मीठ धोकादायकरीत्या उतरू शकतं. खाडीकाठी विहिरीचं वा बोअरचं पाणी मचूळ लागत असेल, तर ते दुधाला वापरू नका. उकळल्याने जंतू मरतात, खारटपणा जात नाही.

माप नीट असूनही शी घट्टच असेल, तर कोमट पाण्याने अंघोळ घाला. बेंबीभोवती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने हलका हात फिरवा. पाय सायकलसारखे हलवा. सहा महिन्यांआधी वेगळं पाणी किंवा फळांचा रस डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नको. सहा महिन्यांनंतर पिकलेली पपई, नाशपाती, शिजवून गाळलेली भाजी आणि जेवणासोबत घोट-घोट उकळून गार केलेलं पाणी द्या. डहाणू-घोलवडचा चिकू जवळच मिळतो, पण पूर्ण पिकलेलाच द्या. कच्चा तुरट चिकू शी आणखी आवळतो.

आता घरगुती उपाय. विड्याच्या पानाचा देठ, साबणाची कांडी, एरंडेल, गुटी : यांतलं काहीही नको. देठाने वा साबणाने आतली नाजूक त्वचा सोलते, जखम होते, मग बाळ दुखेल म्हणून शी धरून ठेवतं. मध तर वर्षभर चाटवूच नये. त्यातून होणाऱ्या बोट्युलिझमचं पहिलं लक्षणच अनेकदा बद्धकोष्ठ असतं.

पोट फुगलं, हिरवी उलटी झाली, शीमध्ये रक्त दिसलं, ताप आला किंवा बाळ दूध पीत नसेल, तर वाट न पाहता दवाखाना गाठा. जन्मानंतर पहिल्या ४८ तासांत काळी शी झाली नव्हती, तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा. वजन वाढत नसेल, तरी दाखवा. रेचक औषध आणि त्याचं प्रमाण डॉक्टरच ठरवतील.

आईचं दूध येत असेल, तर सकाळी निघण्याआधी आणि रात्री घरी आल्यावर पाजत राहा. डबा लागला म्हणून अंगावरचं सोडायचं कारण नाही, आणि बाळाची शीही त्याने मऊ राहायला मदत होते.

पुढच्या आठवड्यात : वरचं अन्न कधी आणि कसं सुरू करावं.