छेदाबाहेरची मुलं

दहावीचा निकाल लागला की वर्तमानपत्रांचा एक मथळा ठरलेला असतो: कोकण विभाग अव्वल. २०२५ मध्ये राज्याचा निकाल ९४.१० टक्के लागला, कोकणाचा ९८.८२. पालघरच्या पालकाने त्या मथळ्यात आपलं मूल शोधलं तर ते सापडणार नाही. भूगोलाच्या पुस्तकात हा जिल्हा उत्तर कोकणात आहे, पण परीक्षा मंडळाच्या लेखी कोकण म्हणजे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. पालघर मोडतो मुंबई विभागात. त्यामुळे मोखाड्याच्या आश्रमशाळेतली मुलगी आणि दादरच्या शाळेतला मुलगा एकाच टक्केवारीत मिसळून जातात.

१ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात आठ तालुके आहेत. २०११ ची जनगणना नव्या हद्दीत मांडली तर लोकसंख्या सुमारे ३० लाख आणि त्यातले ३७ टक्के आदिवासी. ही सरासरीही फसवी आहे. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, तलासरी या तालुक्यांत दहांतली नऊ माणसं आदिवासी, तर वसईत दहांत एकही भरत नाही. बोईसर-तारापूर ज्यात येतं तो पालघर तालुका या दोन टोकांच्या मधला. म्हणून इथल्या एखाद्या मोठ्या अनुदानित हायस्कुलाचा हजेरीपट वाचणं म्हणजे जिल्ह्याचा उभा छेद वाचणं आहे. किनाऱ्यावरचे मांगेला आणि भंडारी, बागायतीतले वाडवळ, डोंगराकडचे वारली आणि मल्हार कोळी, आणि कारखान्यांमागोमाग खानदेश, उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेली कुटुंबं. वर्गात पुस्तक एकच, घरी मात्र कुणाची मांगेली, कुणाची वारली, कुणाची अहिराणी, कुणाची भोजपुरी.

हे मिश्रण फार जुनं नाही. १९६९ मध्ये तारापूरला देशातलं पहिलं अणुवीज केंद्र सुरू झालं, मग एमआयडीसी आली, रासायनिक आणि पोलादाचे कारखाने आले. एप्रिल २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल धावू लागली आणि बोईसर मुंबईच्या अंगणात आलं. अणुकेंद्राच्या नव्या दोन संचांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. केंद्राच्या कॉलनीतल्या मुलांसाठी अणुऊर्जा शिक्षण संस्थेच्या केंद्रीय शाळा आहेत. अभ्यासक्रम सीबीएसईचा, पालक अभियंते आणि तंत्रज्ञ, पगार महिन्याच्या महिन्याला. तिथून थोड्याच अंतरावर जिल्हा परिषदेची शाळा लागते, जिथे काही मुलांच्या घरात पुस्तक शिकलेली ही पहिलीच पिढी आहे. या दोन शाळांच्या निकालांची तुलना करून ‘चांगली शाळा कुठली’ हे ठरवणं मला अन्यायाचं वाटतं. १९६६ मध्ये अमेरिकेत जेम्स कोलमन यांनी सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांची पाहणी केली. मुलांच्या गुणांतला फरक इमारत आणि साधनांपेक्षा घरच्या परिस्थितीशी अधिक जुळतो, असं त्यांना आढळलं. त्यावर पुढे पुष्कळ वाद झाले, तरी निकालपत्र वाचताना आधी घराकडे पाहायला हवं, एवढं त्यातून घ्यावंच लागतं.

पण माझा आक्षेप याहून साधा आहे, आणि तो गणिताचा आहे. निकालाची टक्केवारी काढताना छेदात परीक्षेला बसलेली मुलं असतात. समजा, एका गटातली शंभर मुलं पहिलीत आली, साठ दहावीला बसली, सत्तावन्न पास झाली. फलकावर निकाल लागतो ९५ टक्के. उरलेली चाळीस छेदातच नाहीत. त्यातली काही दाखला घेऊन दुसऱ्या शाळेत गेली असतील, हे खरं. पण सगळी?

शिक्षण हक्क कायदा २०१० पासून लागू आहे, पण तो आठवीपर्यंत. जिल्हा परिषदेच्या बहुतेक शाळाही सातवी-आठवीच्या पुढे जात नाहीत. पुढे हायस्कूल गाठायचं तर एसटी, सहा आसनी रिक्षा किंवा वसतिगृह. नववी ही खरी चाळणी. कच्च्या मुलाला नववीत अडवायचं, नाहीतर ‘सतरा नंबरचा फॉर्म भर’ म्हणून बाहेरून बसायला सुचवायचं, म्हणजे शाळेचा निकाल शाबूत राहतो. यात मुख्याध्यापकांना खलनायक करण्यात अर्थ नाही. पट घटला की संचमान्यतेत शिक्षकाचं पद जातं आणि निकाल घटला की पुढच्या वर्षी प्रवेश घटतात. पाचवीत नाव टिकण्यात शाळेचं हित, दहावीत कच्चं नाव नसण्यात शाळेचं हित. व्यवस्थेनेच शाळेला अशा पेचात धरलं आहे.

आणि मग दिवाळी येते. भातकापणी, झोडणी उरकली की डोंगराकडच्या पाड्यांतली कुटुंबं वीटभट्ट्यांवर निघतात: भिवंडीकडे, वसईकडे. घरात बयाणा आधीच येऊन खर्चून गेलेला असतो. परत येणं पावसाच्या तोंडावर. शाळेचं दुसरं सत्र नेमकं याच महिन्यांत बसतं. हजेरी घेताना बाईंनी विचारलं तर मागच्या बाकावरून उत्तर येतं, ‘जगायला गेला.’ इकडे रोजगारासाठी गाव सोडण्याला हाच शब्द आहे. स्थलांतर हा कार्यालयातला शब्द झाला. सरकारने अशा मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड काढलं. विधायक संसद या संस्थेने वीटभट्ट्यांवरच भोंगा शाळा चालवून दाखवल्या. भट्टीवरच्या मुलाला शाळेत बोलवायचं नाही, शाळेनेच भट्टीवर जायचं, हा विचार त्यामागे होता.

तो विचार या मातीतलाच आहे. १९४५ मध्ये ताराबाई मोडक बालशिक्षणाच्या कामासाठी इथल्या बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, म्हणून बालवाडी पाड्यावरच्या अंगणात नेली, ती अंगणवाडी. मोठी मुलं गुरांमागे जात, म्हणून शाळा कुरणात नेली, ती कुरणशाळा. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, आणि १९७५ मध्ये केंद्राने एकात्मिक बालविकास योजना आणली तेव्हा अंगणवाडी हे नाव देशभर पोचलं. अंगणवाडी सरकारने उचलली. कुरणशाळा नाही उचलली. सहा वर्षांच्या आतल्या मुलापर्यंत आपण चालत जातो, आणि बारा-तेरा वर्षांच्या मुलाने मात्र आपल्यापर्यंत यावं म्हणून वाट पाहतो.

छेद दुरुस्त करायला नवी पाहणी लागत नाही. प्रत्येक शाळेत जनरल रजिस्टर असतं आणि ते कायम जपावं लागतं. त्यात प्रवेशाची तारीख असते, शाळा सोडल्याची तारीख असते आणि सोडण्याच्या कारणाचा रकाना असतो. २०२५ च्या दहावीची मुलं जून २०१५ मध्ये पहिलीत आली होती. हायस्कुलाने आणि त्याला मुलं पुरवणाऱ्या प्राथमिक शाळांनी ती पानं शेजारी शेजारी ठेवावीत, दाखला नेलेली नावं वेगळी काढावीत, आणि ‘सतत गैरहजर’ एवढाच शेरा असलेली नावं एकदा मोठ्याने वाचावीत. मग निकालाच्या फलकावर टक्केवारीच्या खाली अशा नावांचा आकडाही खडूने लिहावा.