राजूरची भट्टी, राजूरची खाण आणि संशोधनाचा खर्च

मोठी कंपनी संशोधन आणि विकासावर लहान कंपनीपेक्षा अधिक पैसा खर्च करते हे उघडच आहे. परंतु विक्रीच्या दर शंभर रुपयांमागे त्यावर किती रुपये जातात, म्हणजे जिला संशोधन-तीव्रता म्हणतात, तीही आकाराबरोबर वाढते का, हा खरा वादाचा मुद्दा आहे. जोसेफ शुम्पीटर यांनी १९४२ मध्ये मोठ्या कंपन्यांच्या बाजूने कौल दिला. वेस्ली कोहेन व स्टीव्हन क्लेपर यांनी मात्र १९९६ मध्ये असे मांडले की, एकाच उद्योगात हा खर्च साधारणपणे आकाराच्या प्रमाणातच वाढतो आणि खर्चाच्या मानाने पेटंटे लहान कंपन्याच अधिक मिळवतात.

वणी तालुक्यातील राजूरला लहान आणि मोठी अशी दोन्ही टोके शेजारी नांदतात: एकीकडे चुनाभट्ट्या, दुसरीकडे कोल इंडिया समूहातील वेस्टर्न कोलफिल्ड्स या कंपनीची कोळसा खाण. चुनाभट्टीत चुनखडी आणि कोळसा यांचे थर वरून भरले जातात, सुमारे ९०० अंश सेल्सिअसला दगडातील कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि शुद्ध चुनखडीच्या १०० किलोंमागे ५६ किलो कळीचा चुना हाती येतो. आच कमी पडली तर खड्याचा गाभा कच्चा राहतो, जास्त झाली तर चुना करपतो व पाण्यात नीट विरत नाही. ही आच मोजून कोळसा वाचवणे हे संशोधनच होय, पण ते परवडायला हवे. समजा, दहा लाख रुपयांच्या प्रयोगाने टनामागे एक रुपया वाचला, तर वर्षाला दोन हजार टन चुना काढणाऱ्या भट्टीवाल्याला तो खर्च भरून काढायला पाचशे वर्षे लागतील, आणि वर्षाला कोट्यवधी टन कोळसा काढणाऱ्या वेस्टर्न कोलफिल्ड्सला काही दिवस. शिवाय या कंपनीला स्वतःची प्रयोगशाळा उभारण्याचीही निकड नाही, कारण कोल इंडिया समूहासाठी रांचीची सीएमपीडीआय ही संस्था ते काम करते. एकच खर्च अधिक उत्पादनावर पसरवण्याच्या या फायद्याला खर्चविभाजन म्हणतात. त्याचा कल्पकतेशी फारसा संबंध नाही.

महाराष्ट्रातील साखर कारखान्यांनी हे गणित फार पूर्वी ओळखले आणि १९७५ मध्ये आज वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाणारी सामायिक संस्था उभी केली. चुनाभट्ट्यांनाही स्वतंत्र प्रयोगशाळेचा उपदेश करण्याऐवजी अशीच एक सामायिक सोय हवी, आणि तिच्यासाठी पहिला पुढाकार शासनाने घ्यावा.