टॉवर कंपनीने धर्म केला नव्हता



१४ जानेवारी १९९७ ची गोष्ट. केरळात वडकऱ्याच्या किनाऱ्यावर ११ होडीवाल्यांनी आणलेली मासळी टाकून दिली, कारण घ्यायला कोणी नव्हतं. आणि त्याच वेळी १५ किलोमीटरच्या आत २७ खरेदीदार माल नाही म्हणून रिकाम्या हाताने परतायला निघाले होते.

रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने कोळिकोड, कण्णूर, कासरगोड भागातल्या १५ किनाऱ्यांचे भाव काही वर्षं दर आठवड्याला टिपून ठेवले. तारलीच्या धंद्यात रोजची ५ ते ८ टक्के मासळी अशीच वाया जायची. एका बंदरात भाव पडला तर दुसरीकडे जायचं कसं? इंधन जाळून पोचेपर्यंत तिथला बाजार उठलेला. हे आपल्या तांडेलांना वेगळं सांगायला नको.

१९९७ ते २००१ या काळात तिथे मोबाईलचे टॉवर आले. रेंज समुद्रात २०-२५ किलोमीटर पोचायची. होडीवरूनच फोन करायचा, भाव विचारायचा आणि तिकडे वळायचं. हँडसेट तेव्हा महाग होता, इनकमिंगलाही पैसे कापायचे. तरी २००१ पर्यंत निम्म्याहून जास्त होड्यांवर फोन आला. मासळी वाया जाणं जवळजवळ थांबलं, मच्छीमाराचा नफा सरासरी ८ टक्के वाढला, आणि गिऱ्हाइकाला तारली ४ टक्के स्वस्त मिळाली. कंपनीने कोणाला फुकट काही दिलं नाही. तिने पैसे कमावले, कारण फोन घेणाऱ्याचे पैसे वाढले.

पण यात एक खोच आहे. पुढे इतर अभ्यासकांनी विचारलं, ज्याने दलालाकडून उचल घेतली आहे त्याचं काय? त्याला माल त्याच दलालाला घालावा लागतो. दहा बंदरांचे भाव कळले तरी होडी वळवता येत नाही. खरं सांगायचं तर हे वाचून मला आपलीच वही आठवली. दलालही गरिबाला सेवा देतो, अडल्या वेळी पैसे देतो, नाही म्हणू नये. पण त्याची कमाई आपण बांधलेले राहण्यावर आहे.

गेल्या हंगामात एकाने आपल्याकडे हप्त्यावर फिश फाइंडर विकले. यंत्र चांगलं होतं. पण जून-जुलैच्या ६१ दिवसांच्या बंदीतही हप्ता चालूच, आणि बिघडलं तर माणूस येणार महिन्याने. तिघांनी यंत्र परत केलं. विकणाऱ्याचं नुकसान, आपलंही. आमची कमाई हंगामी आहे हे त्याने विचारलंच नाही. विचारलं असतं तर आज तो पन्नास यंत्रं विकून बसला असता.

येत्या सभेला बर्फाच्या पेट्या विकणारे दोघे येणार आहेत. मी त्यांना विचारणार: बंदीच्या काळात हप्ता थांबणार का? दुरुस्ती इथे बंदरातच होणार का? आणि पेटीमुळे एका फेरीला किती किलो मासळी वाचते, ते आपल्या होडीवर पंधरा दिवस ठेवून दाखवा.

ज्यांच्यावर दलालाची उचल आहे त्यांनी सभेआधी मला ऑफिसात भेटा. किती उचल, भावात किती कापतो, एवढंच लिहून आणा. नाव कोणाला सांगणार नाही. सगळ्यांचा आकडा एकत्र झाला की तेवढ्या कर्जासाठी संस्थेमार्फत बँकेत जाता येईल.