राणीखेतचा विषाणू आणि आपले खुराडे

ज्यांच्या घरी चार कोंबड्या पाळलेल्या आहेत त्यांना हा अनुभव नवा नाही. संध्याकाळी दाणे टिपणारी कोंबडी सकाळी पिसे फुगवून कोपऱ्यात बसते, चोच उघडी ठेवून श्वास घेते, हिरवट पातळ विष्ठा टाकते. काहींची मान पिळवटते, पाय लुळे पडतात. मग एकीमागून एक जातात आणि आठवड्याभरात खुराडे रिकामे होते.

आमच्या लहानपणी आमच्या आजीच्या अकरा कोंबड्या अशाच गेल्या. अंड्यांचे पैसे ती तांदळाच्या डब्यात ठेवीत असे आणि त्यातूनच आमच्या वह्या येत. कोणी म्हणाले दृष्ट लागली, कोणी पाण्याला दोष दिला. महाराष्ट्रात या रोगाला मानमोडी म्हणतात. इंग्रजीत तो न्यूकॅसल रोग, आणि भारतभर त्याचे नाव राणीखेत.

ही दोन्ही गावांची नावे आहेत. १९२६ साली इंग्लंडमध्ये न्यूकॅसल शहराजवळ या रोगाने कोंबड्या मेल्या. त्याच वर्षी जावा बेटावरही तो दिसला. पुढे दोन-तीन वर्षांतच कुमाऊँच्या डोंगरातील राणीखेत येथे त्याची नोंद झाली, ती जे. टी. एडवर्ड्स यांनी केली. गावांचा काही अपराध नसताना नाव मात्र कायमचे चिकटले.

राणीखेतच्या त्याच डोंगराळ भागात मुक्तेश्वर येथे पशुरोगांची मोठी प्रयोगशाळा होती. तिचा जन्म मात्र पुण्याचा. १८८९ साली ती पुण्यात सुरू झाली. जनावरांच्या घातक रोगांचे जंतू वस्तीत बाळगणे बरे नव्हे, म्हणून १८९३ मध्ये तिला थंड, निर्जन मुक्तेश्वरला हलविण्यात आले. गुरांच्या बुळकांडीवर तेथे पुष्कळ काम झाले. बुळकांडीचा विषाणू आणि राणीखेतचा विषाणू एकाच कुळातले, गोवरही त्याच कुळातला. बुळकांडी २०११ साली जगातून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. राणीखेत मात्र अजून आहे.

या विषाणूची खरी गोष्ट आता सांगतो, कारण ती आम्हांला फार विलक्षण वाटते. राणीखेतचा विषाणू एकच, पण त्याची रूपे अनेक. काही रूपे कोंबडीच्या पोटात मुकाट्याने राहतात, फार तर थोडी सर्दी होते. काही रूपे शंभरातल्या जवळजवळ शंभर कोंबड्या मारतात. दोघांत फरक किती? विषाणूचा सारा मजकूर सुमारे पंधरा हजार अक्षरांचा असतो, आणि त्यातील मोजक्या अक्षरांनी हा भेद पडतो.

विषाणूच्या अंगावर एक प्रथिन असते. ते एका ठरावीक जागी कापले गेल्याशिवाय विषाणूला पेशीत शिरता येत नाही, आणि कात्री असते कोंबडीच्या शरीरातच. सौम्य विषाणूची ही जागा अशी घडलेली असते की श्वासनलिकेत आणि आतड्यात मिळणारी कात्रीच ती कापू शकते. म्हणून तो तिथेच अडून राहतो. मारक विषाणूची जागा अशी असते की शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीजवळची कात्री तिला चालते. मग मेंदू, यकृत, प्लीहा, काहीच वाचत नाही. मान पिळवटते ती मेंदू आणि मज्जातंतू बिघडल्यामुळे.

सौम्य रूप मारक होऊ शकते काय? होते. १९९८ पासून ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स प्रांतात जो रोग उठला, तो बाहेरून आलेला नव्हता. तेथील कोंबड्यांत गुपचूप राहणाऱ्या सौम्य विषाणूचीच काही अक्षरे बदलली होती. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या.

मासे खाणाऱ्या आपल्या लोकांनी हेही ऐकावे. सामन माशाला रक्तक्षयाचा एक विषाणूजन्य रोग होतो. १९८४ मध्ये तो नॉर्वेत प्रथम दिसला, आणि २००७ पासून चिलीतील मत्स्यशेतीला त्याने फार मोठा फटका दिला. त्या विषाणूचेही एक निरुपद्रवी रूप निरोगी माशांत सापडते. अंगावरच्या एका प्रथिनाचा तुकडा गळाला की तो मारक बनू शकतो.

बर्ड फ्लूच्या विषाणूतही हीच कापण्याची जागा पाहतात. फेब्रुवारी २००६ मध्ये महाराष्ट्रात नवापूरला भारतातील पहिला बर्ड फ्लू सापडला, तेव्हा आधी ही मर राणीखेतचीच असावी असा समज होता. भोपाळच्या प्रयोगशाळेत नमुने तपासल्यावर खरे कळले. नुसत्या डोळ्यांनी हे दोन रोग ओळखता येत नाहीत. बर्ड फ्लू माणसाचा जीव घेऊ शकतो, राणीखेतने माणसाचे डोळे बहुधा काही दिवस लाल होतात. म्हणून कोंबड्या अचानक मेल्या तर हाताळण्याआधी पशुवैद्याला कळवावे.

राणीखेत झाल्यावर औषध नाही. लस मात्र आहे, आणि ती सौम्य रूपापासूनच बनते. १९४६ साली अमेरिकेत न्यू जर्सीतील एका शेतकऱ्याच्या कोंबड्यांत मिळालेला विषाणू त्या शेतकऱ्याच्या आडनावाने, लासोटा म्हणून, जगभर वापरला जातो. मुक्तेश्वरनेही याच दशकात एक जोरदार लस दिली. ती मोठ्या कोंबड्यांनाच टोचायची, पिल्लांना सोसत नाही.

अडचण लशीत नाही, उन्हात आहे. लस जिवंत विषाणूची, उष्णतेने मरते. पोल्ट्रीवाल्याकडे शीतपेटी असते. घरच्या सहा कोंबड्यांसाठी कोण बर्फ आणणार? आणि वादळात दोन दिवस वीज गेली की फ्रिजमधली कुपीही वाया. लस टोचूनही कोंबड्या मेल्या असे कोणी म्हणाले, तर आम्ही आधी कुपी कुठे ठेवली होती ते विचारतो.

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडमध्ये पीटर स्प्रॅडब्रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रश्न हाती घेतला. उष्णता अधिक सोसणारा सौम्य विषाणू त्यांनी निवडला. त्याचे नाव आय-२. त्याचे बीज गरीब देशांच्या प्रयोगशाळांना विनामूल्य दिले गेले. आपल्या समोरच्या आफ्रिकेत, मोझांबिक आणि टांझानियात, गावातलीच माणसे ही लस देतात. सुई लागत नाही. दर चार महिन्यांनी प्रत्येक कोंबडीच्या एका डोळ्यात एक थेंब. थेंब डोळ्यात पसरेपर्यंत तिला हातात धरायचे, तिने पापणी मिटली की सोडायचे.