वाडीचें चित्र

अलिबागकडील एखाद्या वाडीचें चित्र काढावयास बसणाऱ्यानें प्रथम पाण्याचा मार्ग शोधावा. विहीर, तिच्यापासून निघालेला पाट, पाटाच्या कडेनें नारळ, त्यांच्या सावलींत पोफळी आणि मागें कौलारू घराची पडवी, ही सर्व रचना एकाच उद्योगाची असते. रहाट जाऊन यंत्र आलें तरी वाडी ती वाडीच राहिली. परंतु तिचा बंगला झाला म्हणजे झाडें शोभेपुरतीं उरतात आणि समुद्राकडे जाणारी पायवाट भिंतीआड जाते.

ज्या कोंकणानें मुंबईच्या गिरण्यांस माणसें पुरविलीं, त्याच कोंकणांत आतां मुंबईचा पैसा घर शोधीत येतो. 2020 च्या मार्चमध्यें भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास मोटारी नेणारी बोट सुरू झाल्यावर तर ही वाट फारच सोपी झाली.

तिकडे गिरणगांवाचें काय झालें? 1982 च्या जानेवारींत संप सुरू झाला व पुढें अनेक गिरण्या कायमच्या मिटल्या. 1991 च्या नियमांत विक्रीस निघालेल्या गिरणीच्या जमिनीपैकीं सुमारें एक-तृतीयांश मोकळ्या जागेसाठीं आणि तितकीच सार्वजनिक घरबांधणीसाठीं द्यावयाची होती. 2001 मध्यें हा वांटा केवळ रिकाम्या जमिनीपुरता ठरला आणि 2006 मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंहि तो बदल ग्राह्य धरला. गिरणीच्या आवारांत रिकामी जमीन ती किती असणार!

त्याच 2001 सालीं सुधीर पटवर्धन यांनीं ‘लोअर परळ’ रंगविलें. पटवर्धन पेशानें क्ष-किरणतज्ज्ञ. 2005 पर्यंत त्यांनीं ठाण्यांत हा व्यवसाय केला. 1977 च्या ‘इराणी रेस्टॉरंट’पासून त्यांचें लक्ष श्रम करून शहरांत वावरणाऱ्या सामान्य माणसाकडे आहे. इमारत पडली हें छायाचित्रांतहि दिसतें. तिच्याभोंवतीं जगणारे कोण होते, हें मात्र असें चित्र सांगतें.

किनाऱ्यावर या दृष्टीची वाण आहे. नारळ, शिडें आणि सूर्यास्त एवढेंच काढणारा चित्रकार नकळत बंगल्याची जाहिरात रंगवीत असतो. अलिबागच्या पांढऱ्या कांद्यास 2022 मध्यें भौगोलिक मानांकन मिळालें, म्हणजे त्या नांवाला त्या मातीचा आधार लागतो. रस्त्याकांठीं कांद्याच्या माळा घेऊन बसलेली बाई चित्रांत यावयाची असेल, तर तिच्या पाठीमागचें शेत आणि त्याच्या कडेला उठत असलेली नवी भिंत, दोन्हीं यावयास हवींत.