वर बिशप, खाली मंडळी
लेखमाला : दक्षिण महाराष्ट्रातील उपासनाघरे (लेखांक सहावा)

मागच्या लेखांकात आपण कॅथलिक देवालयांचा कारभार पाहिला. या वेळी अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या, परंपरेकडे वळू. सातारा-सांगली भागात ही परंपरा दोनदा आली, आणि दोन्ही वेळा अगदी वेगळ्या वाटांनी.

पहिली वाट थंड हवेची. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळात, 1828-29 च्या सुमारास, महाबळेश्वरी माल्कम पेठ वसली. अँग्लिकनांचा मुंबई धर्मप्रांत 1837 मध्ये स्थापन झाला आणि त्याचे पहिले बिशप थॉमस कार यांनी 1842 मध्ये तिथल्या क्राइस्ट चर्चचे समर्पण केले. हे साहेबांचे चर्च होते. उपासना इंग्रजीत चाले. उन्हाळ्यात मुंबई सरकार वर आले की बाके भरत आणि पावसाळा लागला की पेठच रिकामी होई. आसपासच्या खेड्यांतल्या माणसांशी या चर्चचा संबंध जवळपास नव्हताच.

मराठी ख्रिस्ती मंडळी उभी राहिली ती अमेरिकनांच्या हातून. सातारचे राज्य 1848 मध्ये खालसा झाले आणि त्यानंतर लगेच अमेरिकन मराठी मिशनने साताऱ्यात ठाणे मांडले. हे लोक काँग्रिगेशनल परंपरेचे. त्यांच्यात बिशप नाही. प्रत्येक स्थानिक मंडळी आपला कारभार आपणच पाहते. सांगलीत 1884 मध्ये आणि मिरजेत 1892 मध्ये प्रेस्बिटेरियन मिशन आले. त्यांच्यात निवडून दिलेले वडील पाळकांसोबत कारभार चालवतात. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी 1894 मध्ये मिरजेत रुग्णालय उघडले आणि परिचारिका, कंपाउंडर, शिक्षक यांच्या घरांतून तिथली मंडळी वाढली. काँग्रिगेशनल आणि प्रेस्बिटेरियन या दोन्ही धारा 1924 मध्ये एकत्र आल्या.

अँग्लिकन परंपरेची दुसरी वाट 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात खुली झाली. त्या दिवशी सहा चर्च-संस्था विलीन होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे सी.एन.आय., अस्तित्वात आले. त्यांत अँग्लिकन होते, काँग्रिगेशनल-प्रेस्बिटेरियन होते, तसेच बॅप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स आणि ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन शाखांचे मेथडिस्ट होते. अमेरिकन शाखेचे मेथडिस्ट मात्र अगदी शेवटच्या टप्प्यावर बाहेर पडले. या विलीनीकरणामुळे अमेरिकनांनी लावलेली सांगली-मिरजेकडची मंडळी बिशपांच्या छत्राखाली आणि जागतिक अँग्लिकन परिवारात आली. तीच संस्था जागतिक रिफॉर्म्ड आणि मेथडिस्ट परिवारांचीही सदस्य आहे.

विलीनीकरणात कोणी काय आणले? अँग्लिकनांनी बिशपपद आणले, छापील उपासनाक्रम आणला आणि वर्षाचे पंचांग आणले: आगमनकाळ, नाताळ, लेंट, उत्तम शुक्रवार, ईस्टर. बाकीच्यांनी निवडलेली समिती, लांबलचक उपदेश आणि स्थानिक मंडळीचा अधिकार सोडला नाही. वादाचे मुद्दे तडजोडीने सुटले. तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा मान्य, आणि जाणत्या वयात विश्वास कबूल करून घेतलेलाही मान्य. बिशप आहेत, पण ते निवडून यायचे आणि घटनेच्या चौकटीतच वागायचे.

रविवारच्या उपासनेत हे मिश्रण उघड दिसते. पापांगीकार, शास्त्रपाठ, मतांगीकार, मध्यस्थीची प्रार्थना, दानार्पण हा क्रम ठरलेला असतो. गीते मात्र ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची, पेटी-तबल्यावर. प्रभुभोजनाला गुडघे टेकायची रीत अँग्लिकन. त्याआधीचा पाऊण तासाचा उपदेश प्रेस्बिटेरियन आजोबांचा वारसा. बाहेर पडल्यावर ‘जय ख्रिस्त’ म्हणत हात मिळवायचे, मग कोण आजारी, कोणाची सोयरीक जुळली याची चौकशी. आठवडाभर महिला मंडळ, तरुण संघ, शब्बाथ शाळा आणि घरोघरच्या प्रार्थनासभा चालतात. कापणीच्या सणाला ज्वारी, गूळ, भाजी, कोंबडीसुद्धा वेदीपुढे येते. उपासनेनंतर लिलाव होतो आणि वांगी बाजारभावाच्या कितीतरी पटीने, हसतखेळत विकली जातात. श्रद्धा आणि वर्गणी यांची इतकी उघड सांगड क्वचितच दिसते.

कारभार पास्टोरेट कमिटी पाहते. तिच्या निवडणुकीत ग्रामपंचायतीइतकीच चुरस असू शकते. कारणही तसेच आहे. मिशनऱ्यांनी घेतलेल्या गावाबाहेरच्या जमिनी आज भर शहरात आल्या आहेत. त्या कोणाच्या, स्थानिक मंडळीच्या, विश्वस्तांच्या की वरच्या संस्थेच्या? विलीनीकरणाने चर्च एक झाले, पण मालमत्ता आपोआप एक होत नाही. गुजरातमधल्या ब्रदरन चर्चचा असाच वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता.

या सगळ्या व्यवस्थेला साताऱ्यातूनच एक प्रश्न विचारला गेला होता. टिळक 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात राहिले आणि त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा होती. ना मिशन, ना बिशप, ना नोंदवही. 9 मे 1919 रोजी टिळक गेले आणि दरबार फार वाढू शकला नाही. पण त्यांचे इंग्रजी चरित्र 1923 मध्ये लिहिले ते जॅक विन्स्लो या अँग्लिकन धर्मगुरूने. त्याआधीच्या वर्षी विन्स्लो यांनी ख्रिस्त सेवा संघ काढून अँग्लिकन उपासनेला आश्रमाचे रूप द्यायचा प्रयत्न सुरू केला होता.

टिळकांचा दरबार टिकला नाही आणि मंडळी टिकली, याचे एक कारण मला त्या रटाळ वाटणाऱ्या व्यवस्थेतच दिसते. बाप्तिस्म्याची नोंद, लग्नाआधीची जाहीर पुकार, मयताला सगळ्यांनी जाणे, वर्गणीचा हिशेब: थोडक्या घरांच्या समाजाला बांधून ठेवायला प्रेरणेइतकीच नोंदवहीही लागते. तरीही उपासनेत सूर लागतो तो टिळकांच्या गीतांनीच. सातारा-सांगलीची मंडळी या दोन्हींवर उभी आहे, आणि यांतले एक जरी सुटले तरी उरते ती फक्त इमारत किंवा फक्त सभा.

पुढील लेखांकात : मिरजेचे रुग्णालय आणि परिचारिकांची पहिली पिढी.