आई-बाबांबरोबर हिमालयातला छोटा ट्रेक: निघण्यापूर्वी आणि वाटेवर काय पाहाल?

एप्रिल-मेची आणि सप्टेंबर-ऑक्टोबरची तिकिटं काढून झाली, की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. मुलगा किंवा मुलगी आई-बाबांना घेऊन येते. त्यांचं वय साठ ते पंच्याहत्तरच्या दरम्यान. "डॉक्टर, चार किलोमीटरचाच ट्रेक आहे. यांना झेपेल ना?"

चार किलोमीटर या आकड्यावरून मला फारसं काही कळत नाही. किती उंचीवर जाणार, घरातून निघाल्यापासून किती तासांत तिथे पोहोचणार आणि रात्री कुठे झोपणार, हे आधी सांगा. बहुतेक घरांत ट्रेकचं अंतर सगळ्यांना माहीत असतं, पण या तीन गोष्टी कुणी विचारलेल्याच नसतात.

उदाहरण म्हणून तुंगनाथ घेऊ. उत्तराखंडातल्या पंचकेदारांपैकी हे एक, उंची सुमारे ३,६८० मीटर. चोपता या ठिकाणाहून दगडी फरसबंदीची वाट थेट मंदिरापर्यंत जाते, अंतर साडेतीन ते चार किलोमीटर. म्हणूनच पालकांना नेण्यासाठी हा ट्रेक लोकप्रिय आहे. पण या छोट्या अंतरात जवळपास एक हजार मीटरची चढण आहे. पुण्याहून सिंहगड पायी चढणाऱ्यांना सांगायचं, तर त्या चढाच्या साधारण दीडपट, आणि तीही विरळ हवेत.

विरळ हवा म्हणजे नेमकं काय?

वर गेल्यावर हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण बदलत नाही, ते २१ टक्केच राहतं. कमी होतो तो हवेचा दाब. तुंगनाथाच्या उंचीवर तो समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांश असतो. त्यामुळे प्रत्येक श्वासात फुप्फुसांना मिळणारा ऑक्सिजन त्याच प्रमाणात घटतो. शरीर याला उत्तर देतं: श्वास वाढतो, नाडी जलद होते, पहिले काही दिवस रक्तदाबही थोडा चढतो. हे जुळवून घेणं तासांत होत नाही, त्याला दिवस लागतात.

एक गैरसमज इथेच दूर करू. विरळ हवेचा त्रास, म्हणजे डोकेदुखी, मळमळ, चक्कर, गळून जाणं, हा म्हातारपणामुळे जास्त होतो असं नाही. तिशीतला जिमला जाणारा मुलगा आडवा होतो आणि सत्तरीची आई चहा घेत बसलेली असते, असंही घडतं. रोज चालण्याचा सराव तुमचा दम वाढवतो, पण या त्रासापासून संरक्षण देत नाही. ज्येष्ठांमध्ये धोका वाढतो तो आधीपासून असलेल्या, आणि कधी कधी माहीतच नसलेल्या, हृदयाच्या, फुप्फुसांच्या व रक्ताच्या आजारांमुळे. सवय नसलेला मोठा चढ पहिल्याच दिवशी चढणं, हा हृदयावर सगळ्यात अवघड प्रसंग असतो.

एक जादा दिवस

मुंबई-पुण्याहून निघणाऱ्यांचा नेहमीचा बेत असा: सकाळी विमानाने डेहराडून, तिथून गाडीने रात्रीपर्यंत चोपता, पहाटे साडेतीनला उठून सूर्योदयासाठी थेट चंद्रशिला. म्हणजे समुद्रसपाटीच्या आसपास राहणारा माणूस दीड दिवसाच्या आत चार हजार मीटरच्या जवळ पोहोचतो. तेही दहा-बारा तासांच्या घाटातल्या प्रवासानंतर, अर्धवट झोपेत, रिकाम्या पोटी आणि कडाक्याच्या थंडीत. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या पासष्टीच्या माणसासाठी हा बेत मला अजिबात मान्य नाही. सूर्योदय तुम्ही पाहा, त्यांना ऊन अंगावर आल्यावर, नाश्ता आणि सकाळच्या गोळ्या झाल्यावर निघू द्या.

त्याऐवजी असं करता येतं. पहिली रात्र ऋषिकेशला. दुसरी उखीमठला, सुमारे १,३०० मीटरवर. तिसरी सारी गावात, साधारण दोन हजार मीटरवर. सारीहून देवरियाताल हा अडीच किलोमीटरच्या आतला चढ आहे, तळं सुमारे २,४०० मीटरवर. ही तुमची रंगीत तालीम. इथे कोण किती थांबतं, कुणाचा गुडघा बोलतो, कुणाला दम लागतो, हे सगळं कळतं आणि परत फिरायला गाव जवळ असतं. चौथी रात्र चोपत्याला, सुमारे २,७०० मीटरवर, त्या दिवशी विशेष काही न करता. पाचव्या दिवशी तुंगनाथ, आणि दुपारपर्यंत खाली. मुक्काम वर करू नका. सहावा दिवस मोकळा ठेवा, कारण पाऊस, पोट बिघडणं किंवा नुसता थकवा यांतलं काहीतरी येतंच. मोकळा दिवस नसला की त्या आजच्या आजच चढायचं हे दडपण येतं, आणि आजारी माणूसही चढायला निघतो.

सर्वसाधारण नियम असा, की तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त उंच नेऊ नये. दिवसा वर जाऊन रात्री खाली झोपणं तुलनेने सुरक्षित असतं.

केदारनाथचा विचार करणाऱ्यांसाठी एक सूचना. गौरीकुंडहून चालत नेणं नको म्हणून अनेक जण पालकांना हेलिकॉप्टरने नेतात. त्याने चालणं वाचतं, पण उंची वाचत नाही. काही मिनिटांत माणूस ३,५८३ मीटरवर उतरतो, शरीराला कसलीही सूचना न मिळता. आणि मग तिथेच रात्र काढली, तर चालत गेलेल्यांपेक्षा त्रास जास्तही होऊ शकतो. हेलिकॉप्टर असेल तर आधी दोन रात्री गुप्तकाशी किंवा त्याहून वरच्या गावात काढा, आणि दर्शन घेऊन त्याच दिवशी उतरा.

तपासणी: "झेपेल का"पेक्षा "काय बदललं?"

निघण्याच्या आदल्या आठवड्यात फिटनेसचा दाखला मागायला येऊ नका. सहा ते आठ आठवडे आधी या, म्हणजे काही सापडलं तर उपचाराला वेळ मिळतो.

एक गृहस्थ मला म्हणाले, "पर्वती रोज चढतो, फक्त मध्ये एकदा थांबतो." कधीपासून थांबता, असं विचारल्यावर कळलं, दोन महिन्यांपासून. का थांबता? "छाती जरा भरून येते, मिनिटभराने जातं." बसून काढलेला त्यांचा ईसीजी नॉर्मल होता. पुढच्या तपासण्यांत हृदयाच्या दोन रक्तवाहिन्यांत अडथळे निघाले. हिमालय त्या वर्षी राहिला.

म्हणून पालकांना विचारा: गेल्या तीन महिन्यांत कुठे नव्याने थांबावं लागतंय का? जिना चढताना छाती, जबडा किंवा डावा हात भरून येतो का? मधुमेहींमध्ये, आणि बऱ्याच स्त्रियांमध्ये, छातीत दुखण्याऐवजी नुसताच दम लागतो किंवा कमालीचा थकवा येतो. विश्रांतीच्या वेळी काढलेला ईसीजी चांगला आला म्हणजे हृदयाला हिरवा कंदील मिळाला, असं नाही. मधुमेह, रक्तदाब, धूम्रपान किंवा घरात हृदयविकाराचा इतिहास असेल, तर टीएमटी किंवा टू-डी इको करायची का, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा. हिमोग्लोबिन तर नक्की तपासा. आपल्याकडच्या कितीतरी आया कमी हिमोग्लोबिनवर वर्षानुवर्षं घर ओढत असतात. आधीच ऑक्सिजन वाहून नेणारं रक्त कमी, त्यात वर हवा विरळ. क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि एचबीएवनसी यांचे रिपोर्टही हाताशी असू द्या.

गेल्या सहा महिन्यांत हार्ट अटॅक आला असेल किंवा स्टेंट बसवला असेल, हृदयाची पंपिंग क्षमता कमी असेल, रक्तदाब काबूत नसेल, दम्याचा किंवा सीओपीडीचा त्रास सपाटीवरही होत असेल, तर यंदा हा ट्रेक नको. कौसानी सुमारे १,९०० मीटरवर आहे, आणि तिथे खुर्चीत बसून त्रिशूल आणि नंदादेवी दिसतात. तेही हिमालयातच जाणं आहे.

गोळ्यांचा डबा

रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे लघवी जास्त होते. वाटेवर स्वच्छतागृह नाही म्हणून ज्येष्ठ मंडळी ती गोळी गुपचूप गाळतात, किंवा पाणीच पीत नाहीत. स्त्रिया तर हमखास. रक्तदाब वाढणं आणि शरीर कोरडं पडणं, दोन्ही धोके इथून सुरू होतात. गोळी बंद करण्यापेक्षा तिची वेळ बदलता येईल का, हे आधीच विचारा. आणि वाटेत कुठे थांबता येईल, हे मुलीने किंवा सुनेने आईला आधीच सांगितलं तर आई पाणी पिते.

मधुमेहात ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर दिवसभराच्या चढणीने साखर एकदम उतरू शकते. मात्रा किती कमी करायची, ते लिहून घ्या. डापाग्लिफ्लोझिनच्या गटातली गोळी असेल तर तिच्याबद्दल वेगळं विचारा, कारण न खाता-पिता चालत राहिल्यास ती अडचणीची ठरू शकते. इन्सुलिन गोठलं की निकामी होतं. ते अंगाजवळच्या खिशात ठेवा. ग्लुकोमीटरही थंडीत चुकीचं दाखवतो किंवा बंद पडतो, त्यालाही ऊब लागते.

झोपेसाठी अल्प्राझोलाम घेणारे आपल्याकडे खूप आहेत. उंचीवर या गोळ्या आणि दारू, दोन्ही नकोत, झोपेत श्वास मंदावतो. मात्र रोजची सवय असेल तर गोळी अचानक बंद करू नका, तीही डॉक्टरांच्या सल्ल्याने आधीच कमी करत आणावी लागते.

"डायमॉक्स लिहून द्या" ही मागणी नेहमीची. म्हणजे अ‍ॅसिटाझोलामाइड. ते उपयोगी औषध आहे, पण वर सांगितल्यासारखं हळूहळू चढणाऱ्या बहुतेकांना त्याची गरज पडत नाही. चढ घाईचा असेल किंवा पूर्वी त्रास झाला असेल तर डॉक्टर ते देतात, साधारण १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढण्याच्या आदल्या दिवसापासून. मूत्रपिंडाचा आजार, सल्फाची अ‍ॅलर्जी किंवा लघवी वाढवणारी दुसरी गोळी चालू असेल, तर मित्राच्या सांगण्यावरून घेऊ नका.

रुमालात बांधलेला कापूर हुंगल्याने नाक मोकळं वाटतं. रक्तातला ऑक्सिजन त्याने वाढत नाही. ऑक्सिजनचे छोटे कॅनही काही मिनिटांत संपतात. जवळ असल्यास हरकत नाही, पण त्यांच्या भरवशावर पुढे चढू नका.

"मी ठीक आहे" यावर विश्वास ठेवू नका

मुलाने रजा काढलीय, एवढा खर्च केलाय, माझ्यामुळे सगळ्यांचा बेत नको फिसकटायला. हा विचार करून आई-बाबा त्रास लपवतात. "ठीक आहे ना?" असं विचारलंत तर उत्तर "हो"च येणार. त्याऐवजी नेमकं विचारा: डोकं दुखतंय का? रात्री झोप लागली का? शेवटची लघवी कधी झाली? नेहमी सगळ्यांना खायला आग्रह करणारी आई जेवणाला नाही म्हणाली, गप्प झाली, मागे पडू लागली, तर ते लक्षणच समजा.

डोकेदुखीबरोबर मळमळ, चक्कर किंवा कमालीचा थकवा असेल, तर दुसरं कारण सिद्ध होईपर्यंत तो विरळ हवेचाच त्रास आहे. त्या दिवशी वर जायचं नाही. विश्रांती, पाणी, पॅरासिटामॉल. कमी झालं नाही तर खाली उतरायचं. पण बसल्या जागी दम लागणं, सतत खोकला, ओठ निळसर होणं, तोल जाणं, बरळणं किंवा छातीत दाब यांपैकी काहीही दिसलं, तर सकाळची वाट पाहू नका. साखर तपासा, तेवढ्यात घोडा किंवा गाडी पाहा आणि उतरायला लागा. रात्र असली तरी. चोपत्यात मोबाइलची रेंज बेभरवशाची आहे, म्हणून गाडी आणि चालक मुक्कामाच्या ठिकाणीच थांबलेले असावेत. १०८ला फोन रेंज मिळेल तिथून करा, पण तोवर उतरणं थांबवू नका.

तोल तपासायला सरळ रेषेत टाचेपुढे टाच ठेवून चालायला सांगतात. गुडघेदुखी असलेला माणूस घरीही नीट चालणार नाही, म्हणून ही चाचणी निघण्यापूर्वी घरी एकदा करून पाहा. पल्स ऑक्सिमीटरचंही तसंच. तुंगनाथावर ८५ ते ९० हा आकडा निरोगी माणसातही दिसतो, आणि बोटं गार असतील तर यंत्र काहीही दाखवतं. माणूस हसतोय, बोलतोय, खातोय का, ते आधी पाहा.

चालण्याचा वेग इतकाच असू द्या की पूर्ण वाक्य न थांबता बोलता येईल. चंद्रशिलेपर्यंत तुम्हाला जायचं असेल तर घरातलं एक जण पालकांबरोबर तुंगनाथला थांबेल, हे आधीच ठरवा. कुठून परत फिरायचं हेही घरीच, सगळ्यांसमोर ठरवून टाका, म्हणजे वाटेवर कुणाला मोठेपणा किंवा कमीपणा वाटत नाही.

गुडघ्यांचा खरा कस उतरताना लागतो. दोन्ही हातांत काठ्या हव्यात, आणि दोन महिने आधीपासून जिना चढण्याबरोबर उतरण्याचाही सराव हवा. बायफोकल चष्म्यातून पायरी फसवी दिसते, उतरताना लांबचा साधा चष्मा बरा. हाडं ठिसूळ असलेल्या आईला उतरताना घोड्यावर बसवू नये, असं माझं मत आहे. चढताना बसवा, उतरताना हात धरून हळू आणा.

परतीचा प्रवास लांबचा असतो, आणि दमलेली माणसं गाडीत तासन् तास पाय न हलवता झोपतात. दर दोन तासांनी त्यांना उतरवून चार पावलं चालवा. घरी आल्यावर पुढच्या काही आठवड्यांत एकाच पोटरीला सूज आली, ती दुखू लागली किंवा अचानक दम लागला, तर "ट्रेकचा थकवा असेल" म्हणून थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आणि प्रवासापुरत्या बदललेल्या गोळ्या पुन्हा मूळ मात्रेवर कधी आणायच्या, हेही त्यांना विचारून घ्या.